बिऱ्हाडे बाईंची डावी रांग

पहिल्या तासाला बिऱ्हाडे बाई वर्गात आल्या, हजेरीपुस्तक टेबलावर आपटलं, चष्मा काढला, पदराने पुसला आणि तो पुन्हा डोळ्यांवर न चढवता हातातच धरून म्हणाल्या, "बघून घ्या एकदा. नीट बघा. पुढच्या बाकावरच्यांनी माना खाली घालू नयेत. मागच्यांना दिसत नसेल तर पुढे या." आम्ही सगळ्या गार! बाईंचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी, काही म्हणून सुटलं नव्हतं. अशा चेहऱ्याकडे बघू नये, हे आम्हाला घरी शिकवलेलं. आणि इथे ही बाई स्वतःच बघा म्हणून उभी.

"झालं बघून? आता वर्षभर माझ्या तोंडाकडे नाही, फळ्याकडे बघायचं," बाई म्हणाल्या. "लहानपणी मला देवी झाली. घरातली दोन भावंडं गेली, मी राहिले. पुढे गावात पुन्हा साथ आली तेव्हा मी रोग्यांच्या उशाशी बसले, मला काही झालं नाही. दुसऱ्यांदा यायची तिची हिंमतच नव्हती! पण हे मी सांगतेय म्हणून मानू नका. विचारा, कशावरून? कुणीही काहीही सांगितलं की आधी विचारायचं, कशावरून?"

धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात बाई आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. ऐंशीचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. बाकीच्या प्राध्यापिकांना आम्ही मॅडम म्हणायचो, यांना मात्र बाई. "मॅडम म्हटलं की मला वाटतं माझ्यामागे कुणीतरी उभं आहे," असं त्या म्हणायच्या. पांझरेच्या पलीकडे जुन्या धुळ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथून लुनावर बसून पुलावरून यायच्या, पदर कमरेला खोचलेला आणि हँडलला कापडी पिशवी. पुलावर भाजीवाली म्हणाली, बाई, मेथी आजचीच आहे, की बाई लुना थांबवून विचारायच्या, "कशावरून?" भाजीवालीसुद्धा तयार झाली होती. ती जुडी तोडून दाखवायची, मग दोघी हसायच्या. कॉलेजात मुली त्यांना पाठीमागे 'कशावरून बाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांना ते आवडायचंही, हे आम्हालाही माहीत होतं.

बाई मूळच्या भडगावच्या, गिरणेकाठच्या. बौद्धवाड्यातलं घर. शिकवताना त्या पुस्तकातलं सांगायच्या आणि लगेच गावातलं. उत्तरेकडच्या समुद्रातल्या कुठल्याशा बेटांवर एकदा गोवर आला, मग साठेक वर्षं फिरकलाच नाही, आणि पुन्हा आला तेव्हा गावंच्या गावं आजारी पडली. फक्त ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, ते तेवढे खाटेवर बसून सगळ्यांना पाणी देत होते. "साठ वर्षं शरीराने आठवण ठेवली! तुम्हाला परवाचा धडा आठवत नाही," बाई म्हणायच्या. मग आवाज जरा खाली यायचा. "आमच्या गावातल्या लोकांना हे बेटाआधीपासून माहीत होतं. मी कॉलेजात असताना गावात देवी आली. ज्या घरांच्या ओट्यावर आम्हाला उभं करत नव्हते, त्या घरांतून मला बोलावणं यायला लागलं. बिऱ्हाड्यांच्या पोरीला आणा, तिच्या तोंडावर व्रण आहेत, तिला काही होत नाही. त्या महिन्यात मी गावातल्या प्रत्येक माजघरात बसले. त्यांच्या तांब्याने त्यांच्या पोरांना पाणी पाजलं. साथ गेली, पोरं उठून बसली, आणि मी पुन्हा ओट्याखाली."

एकीने विचारलं, "मग तुम्ही गेलात कशाला, बाई?"

"पोरं तहानलेली होती म्हणून," बाई म्हणाल्या. "आणि मला बघायचं होतं की मला पुन्हा होते का. नाही झाली. आता लिहा."

मी शोभा, चोपड्याची. माझे वडील, आबा, तिथल्या जिनिंगमध्ये कापूस मोजायच्या काट्यावर होते. आबा वाईट नव्हते, पण भावकीतल्या चार जणांनी कान भरले की ते ऐकायचे. मला धुळ्याला होस्टेलवर ठेवताना त्यांनी एकच अट घातली होती: पदवी सरळ पार पडली तर पुढचं पुढे बघू, एक वर्ष जरी वाया गेलं, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न. मुलगासुद्धा बघून ठेवला होता. सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, त्याच्या घरचे दर दोन महिन्यांनी 'काय ठरलं' म्हणून निरोप पाठवत. मला एम.एस्सी. करायचं होतं. मला सुरतही नको होती, आखाजीला बोहलाही नको होता. म्हणजे सगळं त्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेवर टांगलेलं, आणि नेमक्या त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस मला कांजिण्या झाल्या.

होस्टेलवाल्यांनी त्याच दिवशी मला घरी धाडलं. घरी आईने सगळं रीतसर केलं. दाराला कडुनिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, दहीभाताचा नैवेद्य, आणि शेवटी पाल्याच्या पाण्याने न्हाण. खपल्या गळून पडल्या. डाव्या भुवईच्या वर मात्र एक खोल खळगी राहिली, कारण तेवढी एक मी रडत रडत खाजवली होती. आई हळहळली, सुरतवाले काय म्हणतील? मी म्हटलं, नापसंत करतील तर बरंच होईल. आबा मला घेऊन एसटीने धुळ्याला आले, आणि होस्टेलच्या फाटकापाशी आम्हाला देवरे सरांनी अडवलं.

देवरे सर वाणिज्य शिकवायचे आणि होस्टेल समितीचे अध्यक्ष होते. माणूस दुष्ट म्हणावा असा अजिबात नव्हता, पण भित्रा होता आणि भित्रा माणूस हातात अधिकार आला की फार कडक होतो. मी गेल्यानंतर होस्टेलमधल्या आणखी दोघी कांजिण्यांनी पडल्या होत्या. पालक येऊन सरांच्या डोक्यावर बसत होते. सर मला म्हणाले, "हे बघ, तूच आणलंस ते. तुझ्या तोंडावर अजून डाग आहेत. तुला आत घेतलं तर उद्या सगळ्या मुलींचे आईबाप माझ्या दारात. परीक्षेला पुढच्या वर्षी बस. काय बिघडतं?"

काय बिघडतं! माझी ट्रंक फाटकाबाहेर, मी ट्रंकेवर, आणि आबा शांतपणे म्हणाले, "चाल पोरी, एसटी धरू. सुरतवाला थांबेल शेतस." मी तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या.

एवढ्यात लुनाचा आवाज आला. कुणी सांगितलं कोण जाणे, पण बाई आल्या. लुना स्टँडवर लावली, माझ्याकडे बघितलं, हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही हात तपासले. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "खपल्या पडल्यात. हिच्यापासून आता कुणाला काही होत नाही."

"कशावरून?" असं सरांनी विचारायला हवं होतं, त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "पण बाई, हिनेच आणलं ना?"

"आणलं असेल. घरी जायच्या आधी वाटून गेली असेल. आता वाटायला हिच्याजवळ शिल्लक नाही. अहो, अख्ख्या होस्टेलात आज सगळ्यात निर्धोक पोरगी कोण असेल तर ही! हिला होऊन गेलंय, पुन्हा होणार नाही. तुम्ही हिलाच बाहेर काढताय?"

"हे तुम्ही म्हणता. पालक मानायचे नाहीत."

"पालकांनी मानू नयेच. पुरावा बघावा. उद्या दुपारी सगळ्या मुलींना हॉलमध्ये बोलवा."

त्या रात्री आबा आणि मी बाईंकडे राहिलो. बाईंनी भाकरी आणि शेवेची भाजी केली. आबा आधी जरा अवघडले. जात कुणी काढली नाही, पण ती घरात बसलेली होती. मग बाईंनी ताट सरकवून अहिराणीत विचारलं, "आबा, भाजी तिखी शे, चाली का?" आबा म्हणाले, "चाली," आणि दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मुली जमल्या. समितीचे लोक खुर्च्यांवर, आबा दाराशी. बाईंनी सरळ हुकूम सोडला: "ज्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, देवी-माता जे काय तुमच्या घरी म्हणत असतील ते, त्यांनी डावीकडे रांग करा. ज्यांना नाही, त्यांनी उजवीकडे. ज्यांना माहीत नाही, त्यांनीही उजवीकडे." चुळबुळ करत मुली उभ्या राहिल्या. डावी रांग बरीच मोठी झाली. मी सगळ्यांत पुढे. बाई म्हणाल्या, "आता ऐका. साथ घरात शिरलेली आहे. उजवीकडच्यांतल्या काही जणी येत्या दोन-तीन आठवड्यांत पडतील. घाबरायचं कारण नाही, मागच्या खोलीत त्यांची सोय करू. त्यांचं जेवणखाण ही शोभा बघेल, कारण हिला काही होत नाही. आणि डावीकडची एकही पडणार नाही."

"एकही नाही?" देवरे सरांनी विचारलं.

"एकही नाही."

"आणि पडली तर?"

बाईंचे डोळे चमकले. मला ती चमक अजिबात आवडली नाही. "पडली तर शोभाला मी स्वतः चोपड्याच्या एसटीत बसवून देईन," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. हॉल रिकामा झाल्यावर मी बाईंना गाठलं. "तुम्ही माझं वर्ष पणाला लावलंत! तुमचं काय जाणार आहे त्यात? लावायची होती तर तुमची नोकरी लावायची!"

बाई रागावल्या नाहीत. "नोकरी लावली असती तर सर घाबरले असते. राहू द्या बाई, ठेवून घेतो पोरीला, म्हणाले असते. तू राहिली असतीस, पण उपकार म्हणून. उपकाराने मिळालेली जागा काम संपलं की काढून घेतात, ते मी भोगलंय. तुला तिथे हक्काने राहायचंय. हक्काला पुरावा लागतो." मला ते पटलं नाही. मी तोंड फुगवून मागच्या खोलीत गेले आणि फरशी धुवायला घेतली. आबा मात्र फाटकातून बाहेर पडताना मला म्हणाले, "बाई खमकी शे," आणि एसटीला गेले.

पुढचे दिवस मी त्या खोलीत काढले. आधीच्या दोघी तिथे होत्याच. बाई म्हणाल्या तशा उजवीकडच्या मुली एकेक करून येऊ लागल्या. पुलापलीकडचे डॉक्टर येऊन बघून जायचे, गुलाबी लोशन द्यायचे. मी ते लावायची, नखं कापायची, मऊ भात भरवायची, आणि एका कोपऱ्यात बसून मोठ्याने अभ्यास वाचायची. पडलेल्या मुलींना माझा अभ्यास पाठ झाला. माझ्या अंगावर पुरळ उठलं नाही. डाव्या रांगेतली प्रत्येक मुलगी जाता-येता मला दिसली की मी आधी तिचं कपाळ बघायची. दोन आठवडे गेले, डावी रांग उभी होती, आणि मला वाटायला लागलं की आता सुटले.

मग अलका पडली.

अलका साक्रीकडची, माझ्याच वर्गातली, डाव्या रांगेत माझ्यामागे तिसरी उभी होती. सकाळी ताप, दुपारी पाठीवर पाण्याचे फोड. कांजिण्याच, दुसरं काही नाही. बातमी जेवणाच्या घंटेआधी सगळीकडे पोचली. डावीकडच्या मुली रडायला लागल्या, उजवीकडच्या माझ्याकडे बघायला लागल्या. देवरे सरांनी आबांना आणि अलकाच्या घरी तार केली. बाई खोलीत आल्या, अलकाची पाठ बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. बाईंचा उतरलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हटलं, "ट्रंक भरू ना?" त्या म्हणाल्या, "भर." आणि निघून गेल्या. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला की मी खरंच ट्रंक भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. त्याच एसटीच्या मागेपुढे अलकाची आई आली. कडुनिंबाच्या डहाळ्या काखेत, डब्यात दहीभात. मुलगी दुसऱ्यांदा पडली म्हणून ती बिचारी हादरली होती. हॉलमध्ये पुन्हा सगळे जमले. देवरे सर म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण शब्द तुमचाच होता."

बाई उठल्या. "शब्द माझाच होता. आणि तो चुकीचा होता. 'एकही नाही' असं मी रागाने म्हणाले; शास्त्रात असं कुणी म्हणू नये, क्वचित एखादा अपवाद निघतोच. पण अलका अपवाद आहे की माझी चूक आहे, हे मला आधी बघू द्या." मग त्या अलकाच्या आईपाशी जाऊन खाली बसल्या. "अक्का, पहिलांदाव पोरले काय व्हयनं व्हतं? बठ्ठं सांगा, जसं व्हयनं तसं."

"माता ऊनी व्हती, माय," ती म्हणाली. "दाना उठनात आंगभर. मी पाला बांधा, दहीभात दाखाडा, न्हाण घालं. बठ्ठं करं मी, काही सोडं नही."

"ते बराबर करं. पन दाना कसा व्हतात? पानीना फोड व्हतात का?"

"नही, पानी नही. बारीक, लालेलाल. कानना मांगेथून सुरू व्हयनात नि मंग आंगभर. डोया लालबुंद, उजेडबी सहन व्हये नही. खोकली खोकली जीव काढे पोर."

बाई कपाळावर हात मारून मोठ्याने म्हणाल्या, "गोवर! अहो, हिला गोवर झाला होता!" आणि उभ्या राहून सगळ्यांकडे वळल्या. "ऐका. पाला तोच, नैवेद्य तोच, न्हाण तेच. आपल्या घरी गोवर आला काय, कांजिण्या आल्या काय, आया सगळं सारखंच करतात. न्हाण झालं की पोरीच्या डोक्यात पक्कं बसतं, मला येऊन गेलं. आणि मी काय विचारलं? येऊन गेलं का. काय येऊन गेलं, ते विचारलंच नाही! शरीर गोवर ओळखतं तो गोवरच ओळखतं, कांजिण्यांना ते अनोळखीच. मला स्वतःला देवी होऊन गेली तरी कांजिण्या झाल्याच होत्या. हे सगळ्या जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर मला. मी आयुष्यात एकदाच मातेचा दाखला न तपासता घेतला, आणि तिथेच फसले."

देवरे सर काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, "बाई, हे आता सोयीचं झालं. मुलगी पडल्यावर तुम्ही कारण शोधलंत. कशावरून खरं मानायचं?"

अख्ख्या हॉलमध्ये तो शब्द पहिल्यांदा बाईंच्या विरुद्ध वापरला गेला होता. मला वाटलं, संपलं. पण बाई खुलल्या! खरंच सांगते, इतक्या दिवसांत त्यांना इतकं आनंदलेलं मी पाहिलं नव्हतं. "अगदी बरोबर विचारलंत, सर! घडून गेल्यावर सांगितलेल्याला पुरावा म्हणत नाहीत. म्हणून आता पुढचं सांगते, घडायच्या आधी." आणि त्यांनी डाव्या रांगेतल्या प्रत्येकीला एकेक करून पुढे बोलावलं. फोड कसे होते? पाणी होतं का? एकदम उठले की दोन-तीन दिवस नवेनवे येत राहिले? खळगी राहिली का, दाखव. कुणाच्या पोटावर, कुणाच्या कानामागे खळग्या निघाल्या. दोघी मात्र अडखळल्या. एकीला फक्त लाल डोळे आठवत होते, दुसरीला नुसतं न्हाण. बाईंनी दोघींना दंडाला धरून उजवीकडे नेऊन उभं केलं. "या दोघी पडतीलच असं नाही, पण पडू शकतात. आता जी डावी रांग उरलीय, तिच्यावर माझा भरवसा आहे. आणखी तीन आठवडे द्या. मग शोभाचं काय करायचं ते ठरवा."

सर आबांकडे बघायला लागले. शेवटी मुलगी आबांची होती. आबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, इतली खात्री कसावरथून शे तुमले?"

"खात्री नही, आबा," बाई म्हणाल्या. "पुरावा शे. खात्री चुकस, तशी परवा मनी चुकनी. पुरावा चुकना ते तो सोताच आपलाले सांगस."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी रडत होते आणि मला रडल्याची लाजही वाटत होती. आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या पोरले. मी आखाजीलोंग थांबस." आखाजीपर्यंतची मुदत मिळाली; देवरे सरांनीही मान डोलावली. मी खोलीत जाऊन ट्रंक उपसली आणि अलकाला दहीभात भरवायला बसले.

पुढे झालं ते असं: उजवीकडे नेलेल्या त्या दोघींपैकी लाल डोळेवाली बाराएक दिवसांनी पडली. दुसरी काही पडली नाही. आणि उरलेली डावी रांग जशीच्या तशी उभी राहिली, परीक्षेपर्यंत आणि परीक्षेनंतरही. लाल डोळेवाली पडली त्या दिवशी देवरे सर स्वतः मागच्या खोलीच्या दाराशी आले, आत डोकावले, "अभ्यास चाललाय ना?" एवढंच विचारून गेले. मी प्रात्यक्षिकं दिली, पेपर दिले. सुरतेला आबांनी काय कळवलं ते मला कधी सांगितलं नाही. त्या आखाजीला मी चोपड्याला गेले ती झोक्यावर बसायला, बोहल्यावर चढायला नाही. आणि झोका इतका उंच नेला की आई खालून ओरडत राहिली.

मी एम.एस्सी. झाले, जळगावला नोकरीला लागले, लग्नही केलं, माझ्या वेळी आणि माझ्या पसंतीने. बाई नव्वदच्या दशकात निवृत्त होऊन भडगावला परत गेल्या. हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा तपासणीसाठी जळगावला आल्या होत्या. मी भेटायला गेले. तरुण डॉक्टर म्हणाला, "काळजी करू नका आजी, तुम्ही बऱ्या होणार." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता आला तो शब्द. "कशावरून?" बाईंनी विचारलं. तो गडबडला. बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "बघ, याला कुणी विचारायला शिकवलं नाही. मी याच्या कॉलेजात असायला हवी होते." मी म्हटलं, "बाई, तुम्ही फार धाडसी होतात." त्यावर लगेच चिडल्या. "कसलं डोंबलाचं धाडस? पुन्हा न होणाऱ्या रोगाशेजारी कुणीही बसेल. तुझ्या त्या हॉलमध्ये मात्र माझे पाय लटपटत होते, ते तुला कुठे दिसलं!" खरंच दिसलं नव्हतं. तीच आमची शेवटची भेट.

त्या गेल्यावर देवपुरात कॉलेजने शोकसभा ठेवली. देवरे सर आले होते, म्हातारे झालेले, काठी टेकत. बरेच जण गोडगोड बोलले. बाई कशा प्रेमळ होत्या, कशा शांत होत्या. शांत! मी हाताच्या मुठी आवळून बसले होते. शेवटी देवरे सर उठले आणि म्हणाले, "बाईंशी माझं एकदा मोठं भांडण झालं होतं. तेव्हा मी मान्य केलं नव्हतं, आज करतो. बाईंचं म्हणणं बरोबर होतं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्याने, भर सभेत: "कशावरून?"

लोक वळून बघायला लागले. शेजारी बसलेल्या एकीने माझा पदर ओढला. देवरे सरांनी मला शोधलं, ओळखलं, आणि काठी उचलून सरळ माझ्याकडे रोखली. "कशावरून म्हणजे? ही काय, समोर बसलीय!"

मी उभी राहिले. डोळे इतके भरले होते की चष्म्यातून काही दिसत नव्हतं. मी चष्मा काढला, डाव्या भुवईवरच्या खळगीवर आलेले केस मागे सारले, आणि त्या सगळ्या सभेला म्हटलं, "बघून घ्या एकदा. नीट बघा."